ओंगोलचे चर्च आणि गावाचा पाणवठा

ओंगोल हे नाव मराठी माणसाच्या कानावर पडते ते बहुधा बैलांमुळे. पांढराशुभ्र वर्ण, उंच वशिंड आणि ओढकामाची ताकद यांसाठी ही जात प्रसिद्ध आहे. आंध्र प्रदेशाच्या किनारपट्टीवरील प्रकाशम जिल्ह्याचे हे मुख्य ठिकाण. एकोणिसाव्या शतकात ते मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्याचे एक साधे गाव होते. ख्रिस्ती जगतात मात्र ओंगोलचे नाव निराळ्याच कारणाने घेतले जाते. ३ जुलै १८७८ रोजी तेथून जवळच, वेल्लमपल्ली येथे, गुंडलकम्मा नदीच्या पात्रात एका दिवसात २,२२२ माणसांनी बाप्तिस्मा घेतला. आदल्या दिवशी ६१४ आणि नंतरच्या दिवशी ७०० अशी भर पडून तीन दिवसांचा आकडा ३,५३६ झाला. वर्ष संपेपर्यंत तो नऊ हजारांच्या पलीकडे गेला आणि आडबाजूच्या एका गावातील हे चर्च जगातील सर्वांत मोठे बाप्टिस्ट चर्च म्हणून गणले जाऊ लागले.

या घटनेकडे पाहण्याच्या दोन ठरलेल्या रीती आहेत. मिशनरी वाङ्मयात तिचे वर्णन दैवी चमत्कार असे होते. हिंदू समाजात ती कळली की एकाच वाक्यात तिचा निकाल लागतो : दुष्काळ पडला, तांदूळ मिळाला, धर्म सुटला. दोन्ही उत्तरे विचारांचे कष्ट वाचवणारी आहेत. पहिल्या उत्तरात माणसाचे कर्तृत्व लोपते आणि दुसऱ्यात समाजाची जबाबदारी. ओंगोलच्या चर्चचा इतिहास बारकाईने पाहिला तर दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात. त्यातून जे हाती लागते ते सुखद नसले तरी, हिंदू संघटनेची तळमळ असणाऱ्या प्रत्येकाने समजून घेणे आवश्यक आहे.

आठ सभासदांची सुरुवात

अमेरिकन बाप्टिस्टांचे तेलुगू मिशन १८३६ पासून काम करीत होते. सॅम्युएल डे हे पहिले मिशनरी. १८४० मध्ये त्यांनी नेल्लोर येथे ठाणे केले. पुढची पंचवीस वर्षे या मिशनच्या हाती जवळजवळ काही लागले नाही. अमेरिकेतील चालकांनी ते बंद करण्याचा विचार एकदा नव्हे, तीन वेळा केला. १८५३ च्या अशाच एका चर्चेत नकाशावरील नेल्लोरच्या एकुलत्या खुणेवरून त्याला ‘एकाकी तारा’ हे नाव पडले. मिशन बंद करण्यास ठाम विरोध करणारे लायमन ज्युएट १८५४ च्या आरंभी ओंगोलला आले आणि गावालगतच्या टेकडीवर त्यांनी प्रार्थना केली. ती टेकडी आजही त्या प्रसंगाच्या नावाने ओळखली जाते.

जॉन एव्हरेट क्लफ हे १८६५ मध्ये भारतात आले आणि १८६६ मध्ये ओंगोलला स्थायिक झाले. मिशनरी होण्यापूर्वी त्यांनी अमेरिकेत जमीन मोजणीचे काम केले होते; ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. १ जानेवारी १८६७ रोजी ओंगोलचे चर्च रीतसर स्थापन झाले तेव्हा त्याचे सभासद होते अवघे आठ.

बाप्टिस्ट पंथाची एक रीत येथे ध्यानात घेतली पाहिजे. या पंथात तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देत नाहीत. जाणत्या वयाच्या व्यक्तीने आपला विश्वास सर्वांसमक्ष बोलून दाखवावा आणि पाण्यात पूर्ण बुडी घ्यावी, असा त्यांचा दंडक आहे. शिवाय प्रत्येक गावचे चर्च स्वायत्त असते. त्यावर बिशपची सत्ता नसते. अशा रचनेत चर्च वाढते ते स्थानिक माणसांच्या बळावर. ओंगोलमध्ये तो माणूस होता येर्रगुंटला पेरय्या.

पेरय्याची वाट

पेरय्या हा मादिगा जातीचा, तल्लकोंडपाडु गावचा, कातड्याचा व्यापार करणारा. महाराष्ट्रात चर्मकार आणि मातंग या दोन समाजांकडे जी कामे वाटली गेली होती, ती बरीचशी तेलुगू प्रदेशात मादिगांच्या माथी होती. मेलेले जनावर ओढून नेणे, कातडे कमावणे, चपला आणि मोटेची चामडी साधने बनवणे, सणावारी डफ वाजवणे. शेताला पाणी जायचे ते त्यांच्या हातच्या चामड्यातून. पण गावच्या विहिरीला त्यांचा हात लागणे हा गुन्हा होता.

या पेरय्याची जी हकिकत मिळते ती ‘भुकेला माणूस’ या चित्रात बसत नाही. ती एम्मा रॉशनबुश-क्लफ यांनी नोंदवून ठेवली आहे. या क्लफ यांच्या दुसऱ्या पत्नी. मादिगांच्या कथा त्यांच्याच तोंडून ऐकून त्यांनी १८९९ मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. मिशनरीच्या घरातून आलेले कथन म्हणून ते तपासूनच घेतले पाहिजे. परंतु त्यातील एक धागा असा आहे की, तो मिशनरी प्रचाराला फारसा सोयीचा नाही, आणि म्हणूनच विश्वसनीय वाटतो. ख्रिस्ती होण्यापूर्वी पेरय्या हा राजयोगाचा साधक होता. एका स्त्री-गुरूकडून त्याने दीक्षा घेतली होती. ध्यान, श्वासाचे नियमन, एका निर्गुण ईश्वराचे चिंतन हा त्याचा नित्यक्रम होता आणि आसपासच्या मादिगा वस्त्यांत त्याचे स्वतःचे शिष्यही होते. पुढे तो ख्रिस्ती झाला तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या पहिल्या माणसांत या साधक-मंडळींचा भरणा होता.

तेलुगू भूमीला हे नवे नव्हते. सतराव्या शतकातील संत पोतुलूरी वीरब्रह्मम यांच्या परंपरेत कक्कय्या नावाच्या मादिगा शिष्याची कथा आदराने सांगितली जाते. महाराष्ट्राने चोखोबांची भक्ती पाहिली आहे. म्हणजे धर्माच्या आडवाटा अस्पृश्य मानलेल्या माणसालाही खुल्या होत्या. त्याला गुरू मिळत होता, नाम मिळत होते, साधना मिळत होती. बंद होता तो राजरस्ता. गुरूच्या झोपडीत जो ब्रह्मज्ञानाचा अधिकारी, तोच गावच्या देवळापाशी पोचला की अंगावर धावून येणाऱ्या नियमांचा धनी. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारी पायरीजवळ आहे, आणि त्यांच्या ज्ञातिबांधवांना ते द्वार उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. पेरय्याच्या ठायी अध्यात्माची ओढ होती आणि तिला प्रतिष्ठेची जागा हवी होती. ती जागा त्याच्या गावाने त्याला दिली नाही.

मार्च १८६६ मध्ये पेरय्या आणि त्याची पत्नी नागम्मा यांचा बाप्तिस्मा झाला. जानेवारी १८६७ मध्ये क्लफ तल्लकोंडपाडुला गेले. चिंचेच्या बनात मुक्काम पडला आणि पाच दिवसांच्या अखेरीस २८ जणांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा दुष्काळ नव्हता आणि तांदूळही नव्हता.

एक अट

यानंतर ओंगोलमध्ये जे घडले तो या इतिहासाचा मर्मबिंदू आहे. क्लफ यांनी गावात शाळा चालवली होती. तीत वरिष्ठ मानल्या गेलेल्या जातींची मुले येत, त्यांचे पालक मिशनरीशी सलोख्याने वागत, आणि काही जण त्यांच्या धर्मविचाराबद्दल कुतूहलही दाखवत. मादिगा येऊ लागताच ही मंडळी अस्वस्थ झाली. त्यांनी क्लफ यांना सुचवले, की मादिगांना घेऊ नका. त्यांना घेतले तर आम्ही येणार नाही. क्लफ काही काळ खरोखरच पेचात पडले. समाजातील वजनदार माणसे एका बाजूला आणि चपला शिवणारे दुसऱ्या बाजूला. त्यांच्या आठवणींत लिहिले आहे की, त्या रात्री त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने, एकमेकांना नकळत, बायबल उघडले आणि दोघांच्याही दृष्टीस एकच उतारा पडला. ईश्वराने दुबळ्यांना आणि हीन लेखलेल्यांना निवडले, अशा अर्थाचा. त्यांनी मादिगांना घेतले. वरच्या जातींची मुले शाळा सोडून गेली.

या प्रसंगातील योगायोगावर ज्याचा विश्वास बसायचा त्याचा बसो. अटीचे काय? ‘तुमचा धर्म खोटा आहे’ असे ओंगोलच्या प्रतिष्ठितांनी मिशनरीला सांगितले असते, त्याच्याशी शास्त्रार्थ केला असता, तर तो धर्माभिमान ठरला असता. त्यांनी घातलेल्या अटीत धर्माचा प्रश्नच नव्हता. प्रश्न शेजारी कोण बसणार एवढाच होता. परधर्माचा शिक्षक चालत होता, स्वधर्माचा चर्मकार चालत नव्हता. एका समाजाचे विघटन कसे होते याचे याहून नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही. मादिगांना त्या दिवशी एक गोष्ट लख्ख दिसली असणार : दोन पारड्यांपैकी कोणते उचलायचे हा प्रश्न पडलेला असताना कोणीतरी आपले पारडे उचलले. शतकानुशतके असे घडले नव्हते.

दुष्काळ आणि कालवा

१८७६ मध्ये दक्षिणेत पाऊस फसला. त्यापुढची दोन वर्षे मद्रास, म्हैसूर, हैदराबाद आणि मुंबई इलाख्याचा दख्खन भाग यांनी जो अनर्थ भोगला त्यात पन्नास लाखांहून अधिक माणसे मेली असा अंदाज आहे. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत लॉर्ड लिटनचा दरबार भरला होता आणि रेल्वेने धान्य बंदरांकडे जातच होते. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अत्यल्प रोकड या पातळीवर आणून ठेवली. महाराष्ट्रात या मजुरीविरुद्ध मजुरांनी कामे सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले, महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने उपाशी मुलांसाठी अन्नछत्र उघडण्याकरिता १८७७ मध्ये मदतीचे आवाहन केले. याच दुष्काळाने विदीर्ण झालेल्या अंतःकरणाने वासुदेव बळवंत फडके यांनी १८७९ मध्ये शस्त्र उचलले.

त्याच वेळी मद्रास इलाख्यात किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या बकिंगहॅम कालव्याचे काम दुष्काळी काम म्हणून निघाले होते. मोजणीचा अनुभव असलेल्या क्लफ यांनी त्यातील साडेतीन मैलांच्या तुकड्याचा ठेका घेतला. राजुपालेम येथे झोपड्यांची छावणी उभी राहिली. मिशनचे तेलुगू उपदेशक मुकादम झाले. प्रत्येकाच्या हाताखाली शंभरेक माणसांची टोळी. इतर ठिकाणी सरकारी मुकादमांच्या शिव्या आणि मार खाणाऱ्या माणसांना येथे मजुरी वेळेवर मिळत होती, आजाऱ्याची विचारपूस होत होती आणि दुपारच्या विसाव्यात मुकादम शेजारी बसून बोलत होता. बोलणे अर्थातच ख्रिस्ताबद्दल होते.

‘तांदळाचे ख्रिस्ती’ या आरोपाला जे काही सत्य आहे ते येथे आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. उपाशी माणसाला काम देणाऱ्याचा शब्द त्याच्या मनात खोल जातो. देणारा आणि घेणारा यांच्यात समानता नसते. परंतु तितकेच सत्य हेही आहे की, दुष्काळ ऐन भरात असताना सुमारे पंधरा महिने क्लफ यांनी बाप्तिस्मा देणे थांबवले होते. अन्नासाठी माणसे येतील ही शंका त्यांनाही होती. दुष्काळापूर्वीच ओंगोलच्या चर्चचे सभासद तीन हजारांच्या वर गेले होते. जून १८७८ मध्ये, मदतीचे काम आटोपल्यावर, जमलेल्या गावकऱ्यांना त्यांनी सांगितले की, आता देण्यासारखे काही उरलेले नाही, घरी जा. लोक गेले नाहीत. आम्हाला पैसा नको, आमच्या कष्टावर आम्ही जगू, असे त्यांचे उत्तर क्लफ यांनी नोंदवले आहे. आपल्या आधी रोमन कॅथलिक मिशनरी या लोकांना घेऊन जातील, ही चिंताही क्लफ यांना घाई करायला लावणारी होती. हा तपशील त्यांनीच दिला आहे आणि त्यातून धर्मप्रसारामागची संख्येची स्पर्धा स्वच्छ दिसते.

मग ३ जुलैचा दिवस उजाडला. सहा तेलुगू उपदेशक पाळीपाळीने, एका वेळी दोघे, कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले. नावे पुकारली जात होती, माणसे पाण्यात उतरत होती. आदल्या पिढीपर्यंत ज्यांच्या स्पर्शाने पाणी बाटते असे मानले गेले, त्यांच्यासाठी नदी त्या दिवशी पावन करणारी ठरली होती. या दृश्याचा अर्थ त्या माणसांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

बाप्तिस्म्यानंतर सुख आले नाही. आठवड्याचा एक दिवस काम न करणे, मृत जनावराचे मांस न खाणे आणि गावच्या देवतांच्या उत्सवात डफ न वाजवणे, या अटी नव्या ख्रिस्ती मादिगांना पाळाव्या लागत. त्यावरून अनेक गावांत करणम आणि रेड्डी यांच्याशी संघर्ष झाला. दुकानदारांनी माल देणे बंद केले, कामे बंद झाली, मार बसला. यातील डफाची अट हिंदू मनाला सलते, आणि ती सलणे स्वाभाविक आहे; गावच्या उत्सवाशी असलेले नाते तोडण्याचे ते कलम होते. पण डफ वाजवणाऱ्याला त्या उत्सवात गाभाऱ्यापासून किती हात दूर उभे केले जात होते, हेही त्याच वेळी मोजावे लागेल. केवळ तांदळासाठी आलेली माणसे तांदूळ संपल्यावर बहिष्कार सोसत बसत नाहीत.

चर्चलाही न सुटलेले कोडे

येथवरचा इतिहास वाचून मिशनरी पक्षाला समाधान वाटेल. पुढचा इतिहास त्या समाधानाला पुरणारा नाही. ओंगोलच्या मिशनने शाळा काढल्या, रुग्णालय उभारले, मादिगा मुलींच्या हाती पाटी दिली; हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु जात पाण्यात बुडाली नाही. ओंगोलकडील बाप्टिस्ट चर्च मुख्यतः मादिगांचे झाले आणि गुंटूरकडील लुथेरन चर्चमध्ये माला समाजाचा भरणा राहिला. गावाबाहेरची वस्ती गावाबाहेरच राहिली. तिच्यात एक चर्च उभे राहिले इतकेच.

१७ जुलै १९८५ रोजी याच परिसरात, चिराळ्याजवळील कारमचेडू गावात, जे घडले ते आंध्र प्रदेश विसरलेला नाही. दलित वस्तीच्या पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात घाण पाणी सोडले जात होते. त्याला मादिगा वस्तीने हरकत घेतली. दुसऱ्याच दिवशी गावातील प्रबळ जातीच्या जमावाने वस्तीवर हल्ला केला. सहा माणसे मारली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले. वस्तीतील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती होती. हल्लेखोरांनी त्यांचा धर्म विचारला नाही. जात त्यांना माहीत होती. सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला २००८ साल उजाडले. गुंडलकम्मेतील त्या तीन दिवसांनंतर एकशे सात वर्षांनी वाद पुन्हा पाण्यावरच आला होता.

याच प्रकाशम जिल्ह्यातील ईदुमुडी गावात ७ जुलै १९९४ रोजी मादिगांच्या आरक्षणातील न्याय्य वाट्यासाठी दंडोरा चळवळ सुरू झाली. अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण राज्यांना करता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी दिला, तेव्हा त्या मागणीला तीस वर्षे झाली होती. आपल्या नावापुढे ‘मादिगा’ हा शब्द उघडपणे लावणे ही या चळवळीची रीत. धर्म बदलून जे नाव पुसले जाईल असे वाटले होते, ते अखेर अभिमानाने मिरवूनच समाजाला दाखवावे लागले.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, आणि पुढील दुरुस्त्यांनंतर शीख व बौद्ध, यांनाच मिळतो. त्यामुळे तेलुगू प्रदेशात कागदावर हिंदू आणि रविवारी चर्चमध्ये, अशी दुहेरी ओळख बाळगणाऱ्यांची चर्चा सतत होत असते. धर्मांतरित दलितांना हा दर्जा मिळावा का, याचा विचार करण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये आयोगही नेमला. धर्मांतराने जात संपते हा दावा खरा असता, तर ही मागणी उभीच राहिली नसती. ती उभी आहे, यातच दाव्याचे उत्तर आहे. पण हे उत्तर मिशनला जितके लागू पडते तितकेच ते ज्या गावात ही माणसे राहतात त्या गावालाही लागू पडते. जात चर्चने निर्माण केलेली नाही.

वटवाघळाकरवी धाडलेला निरोप

या प्रदेशाने एक मोठा कवी दिला : गुर्रम जाशुवा. १८९५ मध्ये विनुकोंडा येथे त्यांचा जन्म झाला. वडील यादव, आई मादिगा, घर ख्रिस्ती. १९६४ मध्ये त्यांना ‘क्रीस्तु चरित्र’ या काव्यासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि १९७० मध्ये पद्मभूषण. परंतु तेलुगू मनात त्यांचे स्थान आहे ते १९४१ च्या ‘गब्बिलम’ या काव्यामुळे. कालिदासाच्या यक्षाने मेघाला दूत केले. जाशुवांच्या अस्पृश्य नायकाने वटवाघळाला. कारण सरळ आहे. वटवाघूळ देवळाच्या गाभाऱ्यात बेधडक जाते, तेथे उलटे टांगून राहते, त्याला कोणी अडवत नाही. नायकाला तेथे प्रवेश नाही. म्हणून तो आपले दुःख वटवाघळाच्या कानात सांगतो आणि ते काशीला जाऊन विश्वनाथाच्या कानी घालायला विनवतो.

ख्रिस्ती घरात जन्मलेल्या कवीने अस्पृश्याची फिर्याद रुजू केली ती काशीविश्वेश्वरापुढे. हा निरोप रोम किंवा बोस्टनला गेला नाही. ज्या घरातून त्याला बाहेर उभे केले गेले, त्याच घराच्या धन्याला तो हाक मारतो. हिंदू समाजाशी नाते तुटलेले नाही, हे सांगणारा यापेक्षा मोठा पुरावा कोणता? आणि त्या हाकेला आजवर किती ओ दिली गेली, हा यापेक्षा अवघड प्रश्न कोणता?

कशाची मोजदाद करायची?

धर्मांतराच्या चर्चेत आकड्यांना फार महत्त्व येते. ओंगोलचे मिशन २,२२२ हा आकडा मिरवते. हिंदू संघटना परावर्तनाचे आकडे मांडतात. दोन्ही बाजूंना माणूस एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेला एवढेच मोजायची सवय लागते. बळजबरी आणि फसवणूक यांना कायद्याने आवर घालता येतो व तो घालावाही. परंतु कोणत्याही कायद्याने शेजाऱ्याच्या घरी पाणी पिण्याची इच्छा निर्माण होत नाही. ओंगोलच्या प्रतिष्ठितांपुढे १८६७ च्या सुमारास धर्मरक्षणाचा एक सोपा मार्ग खुला होता. मादिगांच्या मुलांना शाळेत आपल्या मुलांच्या शेजारी बसू द्यायचे, इतकेच. त्यांनी मुले काढून घेतली. त्यानंतर अकरा वर्षांनी नदीकाठी जे झाले त्याला त्यांनी कदाचित संकट म्हटले असेल. त्याची पायाभरणी त्यांच्याच हातून झाली होती.

महाराष्ट्रात हा धडा अनेकांनी वेगवेगळ्या मार्गांनी दिला. महात्मा फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. रत्नागिरीत सावरकरांच्या पुढाकाराने १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभे राहिले. बाबा आढाव यांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ची हाक दिली. १९६९ च्या उडुपी संमेलनात धर्माचार्यांनी सर्व हिंदू सहोदर असल्याची घोषणा केली, तर १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी अस्पृश्यतेचा निःसंदिग्ध निषेध केला. या माणसांचे विचार एकमेकांशी जुळणारे नव्हते. काहींचा तर उघड विरोध होता. तरीही पाण्याच्या प्रश्नावर ती एका ओळीत उभी दिसतात. ज्या ठिकाणी इतक्या भिन्न वाटा एकत्र येतात, तेथे सत्य असण्याचा संभव मोठा असतो.

घोषणा झाली, व्याख्यान झाले, ठराव झाला. त्यानंतरचे काम घोषणेइतके सोपे नसते. ते शहरातील सुशिक्षित कुटुंबाच्या दारातही येऊन उभे राहते. घरात काम करणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेवलेला असतो तेव्हा, भाड्याने घर देताना आडनाव विचारले जाते तेव्हा, मुलाने जातीबाहेर लग्न ठरवल्यावर बैठकीत शांतता पसरते तेव्हा. गावात ते स्मशानाच्या वाटेवर असते, यात्रेतील पालखीच्या दांडीवर असते, शाळेतील जेवणाच्या पंगतीत असते. यातील प्रत्येक ठिकाणी ओंगोलची ती जुनी अट नव्या शब्दांत बोलली जात असते : ते येणार असतील तर आम्ही येणार नाही.

सेवाकार्य करणाऱ्यांनाही या इतिहासात एक सूचना आहे. क्लफ यांच्या कालव्यावर माणसे थांबली ती साडेतीन मैलांच्या ठेक्यामुळे नव्हे. मजुरी सरकारी कामावरही होतीच. त्यांना थांबवले ते मुकादमाच्या वागण्याने, आणि तो मुकादम त्यांच्यातलाच होता. पेरय्यासारखा, चपला शिवणाऱ्या घरातला. वस्तीत वरून उतरलेली मदत वस्ती स्वीकारते आणि विसरते. वस्तीतल्या माणसाच्या हाती सूत्रे दिली की ती स्वतः चालू लागते. संस्कारवर्ग, वसतिगृहे, आरोग्यकेंद्रे चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या कार्यकारिणीची यादी समोर घेऊन पाहावे : वस्तीतील नावे लाभार्थ्यांच्या यादीत किती आहेत आणि निर्णय घेणाऱ्यांच्या यादीत किती. या दोन आकड्यांतील अंतर धर्मांतराच्या कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक बोलके असेल.

३ जुलै २०२८ रोजी वेल्लमपल्लीच्या त्या दिवसाला दीडशे वर्षे पूर्ण होतील. ख्रिस्ती जगतात त्याचे सोहळे होतील आणि त्यावर प्रतिक्रियाही उमटतील. तोवर गुंडलकम्मेच्या काठावरील आणि कृष्णा-गोदेच्या काठावरील गावांत किती पाणवठे, किती गाभारे आणि किती घरांचे माजघर खरोखर सर्वांना मोकळे झाले, यावर त्या प्रतिक्रियेचे वजन ठरेल. जाशुवांचे वटवाघूळ अजून गाभाऱ्यात लटकलेले आहे. त्याने आणलेला निरोप विश्वनाथाने केव्हाच ऐकला असणार. तो ऐकायचा राहिला आहे पुजाऱ्यांनी, पंचांनी आणि पंगतीला बसलेल्या यजमानांनी.